पाठवण्या दोन, गाडी एक

सदानंद घरतच्या मते जगातली निम्मी भांडणं एकाच कारणाने होतात. माणसं दर वेळी तेच काम पहिल्यांदाच करत असल्यासारखी करायला बसतात.

हे मत त्याने न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कमावलं होतं. तिथे तो पाळीप्रमुख. पूर्वी एक पाळी जाऊन दुसरी येताना रोज काहीतरी हरवायचं. कधी किल्ली, कधी गेटपास, एकदा तर सबंध कंटेनर, जो नंतर स्वतःच्याच जागेवर उभा सापडला. मग कंपनीने फोनवर एक ॲप आणलं. त्यात कामाचा साचा करायचा. कोणती कामं, कोणत्या क्रमाने, कोणी करायची, हे एकदा नीट लिहायचं. पुढच्या वेळी नुसतं 'प्रत काढा' दाबायचं, नावं बदलायची, की सगळी कामं ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊन उभी. सदाने पाळीबदलाचा साचा केला आणि किल्ली हरवायची थांबली. वरच्या साहेबांनी तो साचा बाकीच्या यार्डांनाही पाठवला. त्या दिवशी सदा घरी आला तो दारातूनच बायकोला म्हणाला, "केसर, आपल्या गावात दर वर्षी लग्नं होतात. तीच माणसं, तीच कामं, तीच बोंबाबोंब. लग्नाचं टेम्पलेट केलं पाहिजे."

केसर कोळंबी सोलत होती. "आधी चप्पल काढा," ती म्हणाली.

गाव उरणच्या खाडीकाठचं. आजे मिठागरात राबले, बापांनी ट्रक घेतले, आता घरटी एक ट्रेलर. अशा गावात 'टेम्पलेट' या शब्दाचं जे व्हायचं तेच झालं. सदाची आत्या नीराबाई हिने तो पाणवठ्यावर 'टेम्पो लेट' असा सांगितला, आणि आठवडाभर लोक सदाला फोन करत राहिले. कुठवर आलाय टेम्पो? पंक्चर हाय का? आमचा ट्रेलर रिकामा हाय, पाठवू? सदा प्रत्येकाला समजावून सांगे. शेवटी तो "खोपोलीपर्यंत आलाय" म्हणू लागला.

साचा पहिल्यांदा वापरला तो शेजारच्या रामचंद्र ठाकूरच्या मुलीच्या लग्नात. रामचंद्र म्हणजे पंचायतीतला निवृत्त कारकून. दोन घरांत एकच भिंत, दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगाची.

ठाकुरांचं लग्न. मांडव वेळेवर उभा राहिला. हळद वेळेवर लागली. बायका वेळेवर भांडल्या आणि वेळेवर समेट झाला. रामचंद्राच्या डोळ्यांत वेळेवर पाणी आलं.

एकच काम अडलं. ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

या गावात लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. मांडवाला गाते, जात्याला गाते, आणि हळदीच्या संध्याकाळी घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवतान देते, की या, पोरीचं लग्न आहे, बसा, जेवा. लग्न लागलं की मुलीची पाठवणी होते. आणि मग, मांडव सुटायच्या आधी, बोलावलेल्या त्या माणसांचीही पाठवणी करायची. बोलावणं धवलारणीचं काम. पाठवणं घरच्या कर्त्याचं. नारळ घेऊन वेशीपर्यंत जायचं आणि म्हणायचं, आता निघा.

मुलगी उलव्याला सासरी गेली. रामचंद्र नारळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. बायको बायजा आधीच वारलेली, बाप बाळाजी त्याही आधी. दोघांना आवतान गेलेलं. आता त्यांनाही निघा म्हटलं की घरात उरणार तो आणि पंखा. तो उठेना.

ॲपला यातलं काय कळणार. त्याने मांडवाच्या ग्रुपवर, जिथे अख्खी भावकी होती, लाल अक्षरांत लिहिलं:

पाठवणी. जबाबदार: रामचंद्र ठाकूर. स्थिती: थकीत.

सकाळपर्यंत हे दर तासाला येत राहिलं. रामचंद्राने उभ्या नोकरीत कुणाला थकीत म्हणवून घेतलं नव्हतं. थकीत तो इतरांना ठरवायचा. उजाडल्यावर त्याने वेशीवर जाऊन नारळ ठेवला, आणि त्या दिवसापासून सदाशी बोलणं बंद केलं.

सदाला वाईट वाटलं, पण कामाच्या माणसाला जसं वाटतं तसं. म्हणजे त्याने साचा दुरुस्त करायला घेतला. ॲपने स्वतःच चूक दाखवली. 'सारखी दिसणारी कामं सापडली: पाठवणी, पाठवणी. एकत्र करायची?' सदाने 'हो' दाबलं. एक काम कमी झालं. त्याला बरं वाटलं.

*

घरतांचं लग्न. मांडव वेळेवर उभा राहिला. हळद वेळेवर लागली. बायका वेळेवर भांडल्या आणि वेळेवर समेट झाला. रामचंद्राच्या डोळ्यांत

इथे नाव बदलायचं राहिलं.

सदाची मुलगी प्राप्ती. नवरा मुलगा प्रणय, थळचा, तिथल्या खत कारखान्यात कामाला. साच्याची प्रत काढली तेव्हा सदाने डोळ्यांत तेल घालून नावं बदलली होती. वधू बदलली, वर बदलला, आचारी बदलला, गाडी बदलली. पण 'आवतान' या कामाच्या शेजारी एक बारकासा बाण होता. तो दाबला की खाली नावं उलगडायची. त्या बाणावर सदाचं बोट पडलंच नाही.

धवलारीण येसूबाई हळदीला आली ती घाईत. पुढच्या गावात तिची आणखी एक हळद होती. आवाज अजून खणखणीत, नजर मात्र अधू झालेली, म्हणून सदाने तिला मोठ्या अक्षरांचा टॅब दिला होता. तिला तो फार आवडला होता. बोटाने नावं सरकवत ती गायची. ती गात असताना सदा डीजेवाल्याला आवाज कमी करायला सांगत होता, आणि डीजेवाला खुणेनेच 'काय? काय?' विचारत होता. सदाच्या खिशात फोन थरथरला.

आवतान. जबाबदार: येसूबाई. स्थिती: पूर्ण.

सदाने समाधानाने मान हलवली. येसूबाई विडा तोंडात टाकून रिक्षात बसली आणि गेली.

ऊन नुकतं उतरलं होतं. मांडवात पिवळा उजेड, हळदीने पिवळी माणसं, पिवळी झालर लावलेल्या खुर्च्या. प्राप्ती पाटावर बसली होती. तिने बापाला जवळ बोलावलं.

"पप्पा, आबांचं नाव घेतलं ना? डीजेमुळे मला काही ऐकू आलं नाही."

आबा म्हणजे सदाचा बाप, नामा घरत. मिठागरात जन्म घालवलेला माणूस. मागच्याच हंगामात गेला. जाण्याआधी वर्षभर एकच सांगत होता, की पोरीच्या लग्नाला मी हाय. कसा हाय ते मला इचारू नका, पण हाय. प्राप्तीने त्याचं म्हणणं खरं धरलं होतं. पहिल्या रांगेत एक खुर्ची तिने स्वतः रिकामी ठेवायला लावली होती.

"घेतलं असणार," सदा म्हणाला. "साच्यात आहे."

एवढ्यात फोटोवाला आला. "साहेब, कॅमेऱ्यात काहीतरी झोल आहे." त्याने पडदा दाखवला. माणसाचा चेहरा दिसला की कॅमेरा त्यावर एक चौकोन धरतो. सदाच्या चेहऱ्यावर चौकोन होता. केसरच्या चेहऱ्यावर होता. आणि तिसऱ्या रांगेत, जिथे कुणीच बसलं नव्हतं, तिथल्या दोन खुर्च्यांवर दोन चौकोन होते, माणूस बसल्यावर डोकं येतं त्या उंचीवर.

"काच पुस," सदा म्हणाला.

"पुसली. मघाशी एक जरा डावीकडे झुकला होता."

सदा त्या खुर्च्यांजवळ गेला. रिकाम्याच होत्या. एकीच्या आसनावर हात ठेवला तर गरम, जशी नुकतंच कुणी उठून गेल्यावर खुर्ची असते. किंवा अजून कुणी उठलेलंच नसतं तेव्हा असते. त्याने हात काढून घेतला. तेवढ्यात त्या खुर्चीतून कुणीतरी खाकरलं. चांगलं लांबलचक, घसा मोकळा करून, शेवटी एक छोटं 'हं' लावून.

नीराबाई पंगतीची पानं मांडत होती. ती वळली. "सदा," ती म्हणाली, "ठाकुराचा बाळाजी आपल्या मांडवात कशाला आलाय?"

"आत्या, बाळाजीकाका जाऊन किती वर्षं झाली."

"ते मला म्हाइत हाय. मी इचारते, आपल्या मांडवात कशाला आलाय?"

आता वाचकाला वाटेल की मांडवात पळापळ झाली. तसं काही झालं नाही. या गावात माणसं गेलेल्यांना घाबरत नाहीत. पंगतीत पान कमी पडण्याला घाबरतात. नीराबाईने पानं मोजून आणखी दोन मांडली. लोक त्या दोन खुर्च्यांना वळसा घालून जाऊ लागले, आणि जाता जाता पदर सावरू लागले, जसं वडीलधाऱ्यांसमोरून जाताना करतात. शेजारच्या घरातलं माणूस बोलावणं नसताना जेवायला बसलं तर जसं सगळे दुसरीकडे बघतात, तसं अख्खं गाव दुसरीकडे बघत होतं. दुसरीकडे म्हणजे सदाकडे.

केसर आतून आली. तिच्या हातात हळदीचे टॉवेल होते. "हे कुणी घडी करून ठेवले?"

"बायकांनी ठेवले असतील."

"कोपरा आत मोडून घडी फक्त बायजा घालायची. भिंतीपलीकडून माझी धुणी ओढून घेऊन घालायची." तिने टॉवेल छातीशी धरले. ती घाबरलेली नव्हती. रागावली होती. "काय केलंत तुम्ही?"

सदाने फोन काढला आणि तो बारका बाण पहिल्यांदाच दाबला. नावं उलगडली.

बाळाजी ठाकूर. स्थिती: हजर.
बायजा ठाकूर. स्थिती: हजर.

हजेरी कुणी नोंदवली हे ॲप खाली बारीक अक्षरात दाखवतं. तिथे लिहिलं होतं: स्वतः.

नामा घरत हे नाव कुठेच नव्हतं.

"मला बायजाचं काही नाही," केसर म्हणाली. "ती आली तर मला बरंच वाटतंय. पण आबा? पोरीला काय सांगणार?"

पोरीला सांगायचं धाडस सदाला झालं नाही. त्याने येसूबाईला फोन लावला. मागे दुसऱ्या मांडवाचा गलका होता.

"मी तू दिलंस ते म्हटलं," येसूबाई म्हणाली. "मला वाटलं दोन्ही घरांचं जमलं असंल. एकच भिंत हाय."

"परत येऊन आबांचं नाव घे."

"एकदा आवतान झालं की मांडव बंद. आता पुन्यांदा गायले तर आलेल्यांना दुसरं आवतान जातं. मग ते एकटे येत न्हाईत, घरची घेऊन येतात. ठाकुरांची लय हायेत, सदा. तुला खुर्च्या पुरायच्या न्हाईत."

"मग आता?"

"आता जेवूदे. उद्या पाठवणी कुठं लिवलीय ते बघ. जिथं लिवलीय, तिथं जातील. ती मानसं सांगितल्याबाहेर जात न्हाईत, आपल्यासारकी न्हाईत ती."

सदाने पाहिलं. एकत्र केलेल्या कामात दोन्ही कामांचा मजकूर ॲपने इमानाने जोडला होता.

पाठवणी. कोणाची: वधू व आवतानाची माणसं. कशाने: पांढरी गाडी. कुठे: थळ.

मागून आचारी आला. आमटी खारट झाली म्हणून कुरकुरत होता. म्हणे मी एकदाच मीठ घातलं, पण मागच्या दाराने कोण येतं कोण जातं, कुणाचा हात लागला देवाला ठाऊक. सदाने त्याला हाताने वाटेला लावलं. आमटीचं ऐकायला त्याला वेळ नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी लग्न दुपारचं. सकाळपर्यंत गावभर झालं होतं, आणि गावभर झालं की सल्ला होतोच.

एकाने गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. दुसरा म्हणाला, लिंबू भुताला, ही तर ठाकूर आहेत. एका ट्रेलरवाल्याने तोडगा काढला की माझा चाळीस फुटी पेणकडे रिकामा चाललाय, दोघांना त्यात बसवा, मी पुढे सोडतो कुठेतरी. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. तरण्या पोरांचं मत पडलं की ॲपच काढून टाक. सदाने तेही करून पाहिलं. ॲप म्हणालं: 'हा साचा वापरात आहे. आधी चालू काम पूर्ण करा.' मग त्याने कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं, की दोन सहभागी चुकून जोडले गेलेत, काढायचे आहेत. तिकडून तत्परतेने उत्तर आलं: 'सहभागी स्वतः बाहेर पडू शकतात, किंवा त्यांच्या घरची मूळ व्यक्ती त्यांना परत घेऊ शकते. आपला दिवस आनंदात जावो.'

सदाने ते उत्तर दोनदा वाचलं. 'घरची' हा शब्द तिथे कसा आला, हे त्याला कळेना.

केसरने जे सांगितलं ते सगळ्यात साधं होतं. "पोर नव्या घरी चाललीय. तिने स्वतःचं काही न्यायचं की शेजारीण आणि तिचे सासरे न्यायचे? जा, रामभाऊंना बोलवा."

भिंत ओलांडायला सदाला चार पावलं पुरली असती. तो रस्त्याने वळसा घेऊन गेला.

रामचंद्र ओट्यावर टेबल टाकून बसला होता. समोर काही काम नव्हतं, पण बसायची पद्धत कामाची होती.

"काय काम?" त्याने विचारलं.

"रामभाऊ, तुमची माणसं आमच्या मांडवात..."

"माझी मानसं? माझ्या घरात मी एकटा हाय. पितरांचं पान वाढलं, कावळासुदिक आला न्हाय. आन तुझ्या मांडवात दोन-दोन खुर्च्या?" त्याने चष्मा काढून पुसला. "काल भिंतीपलीकडनं बाप खाकारला. मी ऐकला. मला वाटलं, मला हाक मारतोय."

सदाने फेटा सावरला. हे कुठल्या साच्यात नव्हतं. "तुम्ही येऊन त्यांना..."

"अर्ज दे."

"काय?"

"लेखी दे. मी थकीत माणूस. तोंडी काम घेत न्हाय."

म्हणून लग्नाच्या दिवशी, भरजरी फेट्यात, वधूपित्याने शेजाऱ्याच्या टेबलावर वाकून हे लिहिलं:

प्रति, श्री. रामचंद्र बाळाजी ठाकूर, सेवानिवृत्त लिपिक.
विषय: आमचे मांडवात हजर असलेले आपले मयत नातेवाईक परत नेणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, नजरचुकीने आपले वडील व पत्नी यांना आमचेकडून आवतान गेले असून

रामचंद्राने तिथे बोट ठेवलं. "नजरचुकीने न्हाय. हलगर्जीपणाने. खोड, आन बाजूला सही कर."

सदाने खोडलं. सही केली.

"दाखले कुठे हायेत? मयताचे?"

"रामभाऊ, मयत तुमचे. दाखले तुमच्याकडेच असणार."

"म्हणजे अर्ज अपूर्ण," रामचंद्र म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "विचाराधीन ठेवतो."

सदा मांडवात परतला. अक्षता पडल्या. फोटोवाल्याने तिसऱ्या रांगेकडे कॅमेरा वळवणंच सोडून दिलं होतं. पहिल्या रांगेतली प्राप्तीने ठेवलेली खुर्ची थंड होती. सदाने दोनदा हात लावून पाहिला. दुसऱ्या वेळी प्राप्तीने अंतरपाटाआडून त्याला पाहिलं, आणि ते तिला कळलं. तिने फक्त खुर्चीवरची नजर काढून घेतली.

*

पांढरी गाडी दाराशी लागली. फुलांनी सजवलेली. प्राप्ती अजून आईच्या गळ्यात होती, प्रणय पलीकडे चुळबुळत उभा, आणि ड्रायव्हर सदाजवळ आला.

"साहेब, मागे कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"मग गाडी का बसलीय?"

गाडी मागून दबली होती. चाकं मडगार्डात शिरली होती, जशी जाड माणसं बसल्यावर शिरतात. मागची दारं बंद. काचा वर. आतल्या बाजूने एका काचेवर वाफ धरली होती, एखाद्याच्या तोंडासमोर धरते तेवढी. मग गाडीतून खाकरण्याचा आवाज आला. लांबलचक, शेवटी छोटंसं 'हं'. म्हणजे निघायचं ना, अशा अर्थाचं.

भावकी थांबली. रडणाऱ्या बायका मध्येच थांबल्या, आणि थांबल्यावर त्यांना पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळेना. सदा दार उघडायला पुढे झाला, पण कडीला हात लावेना. त्याला दिसत होतं, की प्राप्ती त्या दोघांच्या मधे बसणार. थळला जाणार. तिच्या नव्या संसाराच्या पहिल्या रात्रीपासून कुणीतरी कोपऱ्यात घसा साफ करणार. आणि हे सगळं तिच्या बापाने एक काम वाचवण्यासाठी केलं.

"पप्पा," प्राप्ती म्हणाली. "आबांना बोलावलंच नाहीत ना?"

"नाही," सदा म्हणाला. "नाव राहिलं."

गर्दी दुभंगली. रामचंद्र येत होता. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात नारळ नाही, काही नाही. तो गाडीजवळ गेला आणि वाकून, आत बसलेल्या माणसांशी बोलावं तसा, काचेतून बोलू लागला.

"बाबा, उतरा. ही आपली गाडी न्हाय."

गाडी तशीच दबलेली.

"बायजा," तो म्हणाला. आवाज खाली आला. "चल. लोकांच्या घरी किती बसायचं. मी त्या वेळी वेशीवर नारळ ठेवला, तो लोकांनी लाल अक्षरात मागं लागून ठेवायला लावला. मला ठेवायचा नव्हता. मी पाठवायला न्हाय आलो. न्यायला आलोय."

दाराची कडी आतून वाजली. दार कुणी उघडलं नाही, पण वाजली. मग गाडी एका बाजूने हलकेच वर आली. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने. काचेवरची वाफ आक्रसून गेली. रामचंद्राने दोन्ही बाजूंना जागा सोडून चालायला सुरुवात केली, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला एक माणूस चालेल आणि डाव्या हाताला एक. रस्त्याने नाही, सरळ भिंतीकडे गेला. भिंतीपाशी थांबला. कुणाला तरी हात दिला. मग स्वतः चढला, या वयात, इस्त्रीच्या सदऱ्यात. उतरताना तो सदाकडे बघून म्हणाला, "अर्ज निकाली काढला."

बायकांना पुन्हा रडायला सुरुवात सापडली.

प्राप्ती गाडीत बसली. प्रणय पलीकडून बसला. ड्रायव्हरने वाकून मागचं चाक पाहिलं, टायरला लाथ घालून पाहिली. "पूर्ण वर न्हाय आली," तो म्हणाला. "हवा कमी असंल." सदा काचेशी गेला. प्राप्ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती मधल्या जागेकडे बघत होती. मग तिने शालू आवरला आणि दाराकडे सरकली, जशी आबा स्कूटरवर मागे बसला की लहानपणी पुढे सरकायची. तिच्या शालूवर काहीतरी पांढरं चकाकलं. तांदळाची अक्षत असावी. अक्षतेपेक्षा मोठं होतं.

गाडी गेली.

पाठवणी. स्थिती: अपूर्ण.

*

तेव्हापासून संध्याकाळी भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज येतो. केसर त्या वेळी मुद्दाम दोरीवर धुणं ठेवून आत जाते. परत आली की कपडे घडी केलेले असतात, कोपरा आत मोडून. रामचंद्र अजून सदाशी फारसं बोलत नाही, पण परवा भिंतीवरून मासळीचा वाडगा आला. वाडग्याखाली चिठ्ठी होती: पोच द्यावी. सदाने दिली.

ॲप मात्र ते एक काम सोडत नव्हतं. रोज सकाळी लाल अक्षर. सदा यार्डात पाळी बदलताना ते बघायचा आणि फोन खिशात घालायचा.

थळहून विहीणबाईंचा फोन आला. सगळं छान आहे म्हणाल्या. प्राप्ती गुणाची आहे, प्रणय खूश आहे. मग म्हणाल्या, "एक विचारू का? हसू नका. पोर आली त्या दिवसापासून घरात जे शिजतं ते खारट होतंय. मी घालते मोजून. प्राप्ती म्हणते मी हात नाही लावला. काल तर आमटी झाकून मी फाटकापर्यंत गेले आणि आले. मागचं दार उघडं, आणि झाकणावर खडेमीठ."

सदा यार्डाच्या फाटकाशी उभा होता. समोर खाडी, पलीकडे मिठागरं, त्यांत आता मीठ नाही, नुसते कंटेनर. बाप कुठल्याच लग्नात पुढच्या दाराने गेला नव्हता. आवतानाची वाटही त्याने कधी पाहिली नव्हती. मागे चुलाणाजवळ जायचा, कढईत बोट घालून चाखायचा, वर मूठभर मीठ टाकायचा, आणि म्हणायचा, मिठागरात जन्म गेला, घरात अळणी खाऊ?

"तुमच्याकडे काही करतात का याचं?" विहीणबाईंनी विचारलं. "म्हणजे पाठवायचं वगैरे?"

सदाने फोन कानापासून दूर धरला आणि ते लाल अक्षर पुसून टाकलं. या वेळी ॲपने काही विचारलं नाही.

"ज्यांना बोलावलंच नाही त्यांची पाठवणी कशी करणार," तो म्हणाला. "तुम्ही मीठ जरा हात राखून घाला, विहीणबाई. बाकीचं ते बघतील."